लहानू मिस्त्रीचे एकोणचाळीस व्हॉल

‘चूक माझी होती’ हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी म्हणालात? साहेबासमोर नोकरी वाचवायला म्हटलेलं धरू नका. घरात भांडण मिटवायला म्हटलेलंही नाही. चार लोकांत, कोणी पकडलेलं नसताना, आपणहून? आठवून पाहा. नाही ना सापडत? मग लहानू मिस्त्रीची गोष्ट वाचताना त्याला अडाणी म्हणायची घाई करू नका.

नागपुरातून अमरावती रोडने बाहेर पडलं की वाडी लागते. ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, त्यांच्या मागे एक गल्ली, गल्लीच्या टोकाला कडुनिंब आणि कडुनिंबाखाली चार पत्र्यांचं लहानूचं गॅरेज. वय अठ्ठावन्न. अंगाने वाळलेला, आवाजाने मोठा. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे. ते फॅनच्या पट्ट्यात गेलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि पट्टी बांधून त्याच संध्याकाळी कामावर परत आला होता. हे तो स्वतः सांगतो. दोनदा सांगतो.

त्याचे आजोबा छप्पन साली खाप्याहून पायी नागपूरला आले, दीक्षा घेतली, आणि गावी परतून गावकीचं काम जे सोडलं ते कायमचं. पाटलाने विचारलं, आता हे काम कोण करील? म्हातारा म्हणाला, “आमीच काहून?” ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली की काहून, म्हणजे का, हा शब्द लहानूला दुधाबरोबरच मिळाला. शाळेत मास्तरला काहून विचारायचा आणि मार खायचा. गॅरेजात मालकाला विचारायचा आणि शिव्या खायचा. जगात एकाच माणसाला त्याने कधी काहून विचारलं नाही. आपल्या उस्तादाला.

ज्या काळात गॅरेजवाले त्याच्यासाठी चहाचा वेगळा ग्लास कोनाड्यात उपडा घालून ठेवत, त्या काळात उस्तादाने आपल्या डब्यातली अर्धी पोळी तोडून त्याच्या हातावर ठेवली होती. अशा माणसाला काहून विचारायचं तरी कसं? उस्ताद जे म्हणाला ते लहानूने आयुष्यभर केलं. उस्ताद जे म्हणाला त्यातली एक गोष्ट ही होती: “ये थर्मोस्टॅट ठंडे मुलुख की चीज है बेटा. नागपूर में इसका क्या काम? निकाल के फेक.”

इंजिनात पाणी फिरतं, पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं आणि परत येतं, एवढं तुम्हाला ठाऊक असेल. त्या वाटेवर मुठीत मावेल एवढा एक दरवाजा असतो. पुस्तकात त्याचं नाव थर्मोस्टॅट, वाडीत नुसता व्हॉल. इंजिन थंड आहे तोवर तो बंद राहतो, तापलं की आपोआप उघडतो. उस्तादाचा हिशोब सरळ होता. दरवाजाच काढून टाका, म्हणजे पाणी पहिल्यापासून मोकळं फिरेल आणि गाडी गरम होणारच नाही. ऐकायला कसं पटतं, नाही? तुम्हालाही पटलं असेल. वाडीत सगळ्यांना पटलं होतं.

होळी झाली की वाडीत व्हॉल काढायचा मोसम सुरू होतो. गल्लीत ट्रक रांगेने उभे राहतात. लहानूचा हात इतका बसलेला की तीन बोल्ट, एक टोपण, व्हॉल बाहेर, नवं पॅकिंग, तीन बोल्ट, वीस मिनिटांत गाडी मोकळी. ड्रायव्हर म्हणत, लहानूभाऊचा हात लागला की गाडी उन्हाळा काढते. तीस वर्षं गाड्यांनी उन्हाळे काढलेही. जुन्या इंजिनांना तेवढ्याने काही होत नव्हतं. डिझेल थोडं जास्त खात, बस.

कामिनी त्याची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा प्रेमानंद, कळमेश्वरचा, बारा वर्षांपासून ट्रक चालवतो. कमी बोलणारा, बिडी-काडी नाही, स्टिअरिंगला हात लावण्याआधी चारही बाजूंनी गाडी पाहणारा. मालकाने त्याला गेल्या दसऱ्याला नवी कोरी दहा चाकी दिली. खाप्याजवळ कन्हान नदीच्या घाटावरून रेती भरायची आणि कळमेश्वरच्या काँक्रीट प्लांटवर टाकायची, दिवसाला दोन खेपा. नागपूरच्या बेस्यातल्या तुमच्या नव्या फ्लॅटच्या भिंतीत कोणाची रेती आहे, हे तुम्ही कधी विचारलंत का? जाऊ द्या.

मार्चमध्ये प्रेमानंद ती गाडी घेऊन कडुनिंबाखाली आला.

“मामाजी, हिचा व्हॉल काढाचा का? शोरूमचा मेकॅनिक म्हणे, हात नका लावू.”

“त्यानं नागपूरचा मे पाह्यला का गा, जवाई? एसीत बसून राहते तो. कम्प्युटरले विचारून नाक शिंकरते.”

शेजारी रुपरावचं दुकान, रेडिएटर झाळायचं. तो तिकडून ओरडला, “जवाईबापू, सासऱ्याले विचारून काय फायदा? त्याचा हात खाजवून राहिला केव्हाचा.”

सगळे हसले. प्रेमानंदही हसला. लहानूने व्हॉल काढला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी पहिल्यांदा उकळली.

भरलेली होती, सावनेरच्या पुढे चढावर होती. तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि पुढच्या जाळीतून वाफ आली. प्रेमानंदने गाडी कडेला घेतली, पाणी घातलं, माल टाकला आणि रिकामी गाडी वाडीला आणली. लहानूने सांगितलं, रेती उडून रेडिएटरच्या जाळीत बसली असेल. पाण्याचा फवारा मारून जाळी धुतली, चिखल निघाला. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, बरोबर होता. गाडी कडुनिंबाखाली तासभर चालू ठेवली. काटा मधल्या रेघेवर आला आणि तिथेच बसून राहिला, एखाद्या शहाण्या पोरासारखा.

“झालं,” लहानू म्हणाला.

दहा दिवसांनी परत तेच. भरलेली गाडी, चढ, दुपार, वाफ. रिकामी असली की काही नाही. गॅरेजात उभी असली की काही नाही. आता लहानू घाबरला नाही, पण चिडला. इंजिन आपल्याला फसवतंय असं त्याला वाटू लागलं. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून त्याने गाडी सुरू केली आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते डोळे बारीक करून पाहत बसला. हेडचं पॅकिंग फुटलं असेल तर येतात. आले नाहीत. ऑइलची काडी काढली, ऑइलमध्ये पाणी नाही. वॉटर पंप उघडला, पाती शाबूत. तरी पंप बदलला. झाकणही नवं घातलं.

कामिनी त्या दिवशी डबा घेऊन आली होती. ती बापाच्या कानाशी आली.

“बाबा, त्याईच्या हाताकडे पाह्यलं का तुमी?”

प्रेमानंदने बाही खाली ओढली. लहानूने ती वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल, मध्ये दोन फोड.

“हे काय गा?”

“थोडीशी वाफ लागली. काही नाई.”

“गरम गाडीचं झाकण खोललं तू?”

“ओलं पोतं टाकून खोललो, मामाजी.”

“पोतं!” लहानू असा ओरडला की रुपराव दुकानातून बाहेर आला. “अबे, आत पाणी नाई राहत तवा, बाँब राहते बाँब! अर्धा घंटा हात नाई लावाचा, किती डाव सांगतलं तुले?”

प्रेमानंदने बाही परत खाली ओढली. मग हळू बोलला. “अर्धा घंटा कुठून आणू? प्लांटच्या गेटवर नंबर लागते. नंबर हुकला का गाडी दुसऱ्या दिवशीपर्यंत उभी. मालकानं सांगतलं, अजून दोन डाव गाडी उकळली तर तुले उतरवतो, दुसरा बसवतो. मले गाडी बनवून द्या मामाजी. मी झाकणाले हात लावत नाई.”

ते त्याने मान खाली घालूनच म्हटलं, आणि लहानूला कळलं की हा माणूस पुन्हा झाकण उघडणार. गाडी उकळली की उघडणारच. मालक केबिनमध्ये नसतो, पण त्याची घाई असते. आता इंजिन दुरुस्त करणं म्हणजे जावयाचा चेहरा वाचवणं होतं, एवढं साधं गणित.

मेच्या पहिल्या आठवड्यात ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं. गाडी तिसऱ्यांदा आली. या खेपेला प्रेमानंद ती रिकामी करून न थांबता थेट प्लांटवरून घेऊन आला. इंजिन चालू असतानाच लहानू खाली शिरला. वरचा पाइप हाताला चटका देत होता. खालचा, रेडिएटरमधून इंजिनात परत जाणारा पाइप, त्याने मुठीत धरला. कोमट. अगदी कोमट, मुठीत धरून गप्पा माराव्यात इतका.

तो खूश होऊन बाहेर आला. “रेडिएटर मस्त काम करून राहिला. खालून थंड पाणी येऊन राहिलं.”

“नवा कोरा हाय तो, मीबी पाह्यला,” रुपराव म्हणाला. “नाव नको ठेवू त्याले.”

“मग बिमारी कुठं हाय बे?”

“तुह्या डोक्यात.”

रुपराव गंमतीत म्हणाला होता. पण खरी बिमारी त्या क्षणी लहानूच्या मुठीत होती. इंजिन उकळतंय आणि खालचा पाइप कोमट, याचा अर्थ रेडिएटरमधून पाणी भरपूर जात नाहीये. जे थोडंसं जातं ते छान थंड होतं, बाकीचं कुठल्या तरी दुसऱ्याच वाटेने, न थंड होता, इंजिनात परत जातं. चाळीस वर्षांच्या हाताने त्याला बरोबर सांगितलं. ऐकलं नाही ते डोक्याने. त्या डोक्यात उस्ताद बसला होता.

त्याने रेडिएटर उतरवून रुपरावकडून आतून खरवडून घेतला. परत चढवला. प्रेमानंदला सांगितलं, जा.

मग आला मेचा तिसरा मंगळवार. झाडावरचे कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसले होते. बैतूलकडचा मोहित नावाचा ड्रायव्हर आदल्या दिवशीच गाडी कडुनिंबाखाली लावून गेला होता, तो आला. नवी गाडी, इंजिन प्रेमानंदच्या गाडीसारखंच. “मिस्त्री, व्हॉल निकाल दो,” म्हणाला आणि चहाला गेला. गाडी आदल्या दिवसापासून उभी, इंजिन थंड. लहानूने तीन बोल्ट काढले, टोपण काढलं, व्हॉल काढून बाजूला ठेवला आणि फडक्याने आतली घाण पुसायला वाकला.

पुसता पुसता थांबला.

व्हॉल जिथे बसतो त्याच्या बरोबर खाली एक भोक होतं. चांगलं अंगठा जाईल एवढं. भोक त्याने आधीही पाहिलं असेल, पण आज त्याची कडा दिसली. बाकी सगळीकडे गंज आणि भोकाच्या काठावर एक चमकतं वर्तुळ, घासून घासून झालेलं. म्हणजे या काठावर काहीतरी रोज येऊन बसत होतं. लहानूने व्हॉल उचलला. वरची तबकडी त्याला माहीत होती. खाली, स्प्रिंगच्या टोकाला, अजून एक तबकडी होती. तिच्या कडेलाही तसंच चमकतं वर्तुळ.

जुन्या व्हॉलना ही दुसरी तबकडी नसायची.

तो व्हॉल घेऊन चहाच्या टपरीवर गेला, पातेल्यातला चहा किटलीत ओतायला लावला, पातेल्यात साधं पाणी घालून शेगडीवर ठेवलं आणि तारेला बांधून व्हॉल त्यात सोडला.

“आता व्हॉलचा चहा पाजतं का आमाले?” रुपराव म्हणाला.

लहानू पातेल्यावर वाकला. पाणी तापू लागलं. वाफ आली, तळातून बुडबुडे सुटले. आणि व्हॉल हलला. वरची तबकडी हळूहळू उघडली. तेवढ्याच सावकाश खालची तबकडी खाली सरकत गेली.

एक दरवाजा उघडतो तेव्हा दुसरा बंद होतो. रेडिएटरची वाट मोकळी करायची आणि त्याच वेळी खालचं भोक, ज्यातून पाणी न थंड होता परत इंजिनात घुसतं, ते दाबून धरायचं. दोन्ही कामं या एकाच तुकड्याची. आणि तो तुकडा लहानूने मार्चमध्ये काढून टाकला होता. भोक सताड उघडं. रिकाम्या गाडीत निभतं. भरलेल्या गाडीला चढावर निभत नाही.

“रुपराव,” तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. “मीच उकळून राहिलो त्याले.”

“काय बडबडतं बे?”

“किती वाजले?”

अडीच वाजले होते. त्याने प्रेमानंदला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. कामिनीला लावला.

“कामिनी, जवाई कुठं हाय?”

“खाप्याहून भरून निघाले म्हणत होते मघाशी. काहून बाबा?”

“काही नाई,” म्हणून त्याने फोन ठेवला. हे एक खोटं तो त्या दिवशी बोलला, तेवढंच.

व्हॉल कढत होता तसाच फडक्यात गुंडाळून त्याने खिशात घातला आणि रुपरावची मोटरसायकल काढली. रुपराव मागे बसला. कळमेश्वर ओलांडलं आणि ते सावनेर रस्त्याला लागले. रस्त्यावर माणूस नव्हता. डांबर मऊ पडलेलं, चाकाखाली चिकट आवाज करत होतं. समोरून येणारा प्रत्येक ट्रक लहानू नंबरासाठी पाहत होता. प्रत्येक वेळी रुपराव मागून म्हणत होता, “नाई, हा नाई.” मग म्हणेनासा झाला.

गाडी चढाच्या मधोमध डाव्या अंगाला उभी होती. पुढची जाळी उघडी. खाली डांबरावर पाण्याचा मोठा डाग पडलेला, कडेकडेने सुकत चाललेला. डागात पोतं पडलं होतं. झाकण पाच-सहा हातांवर, रस्त्याच्या पलीकडे. प्रेमानंद नव्हता.

बाभळीखाली एक शेळ्यावाली बाई उभी होती. तिने न विचारता सांगितलं, “नेलं त्याले. पिकअपवाल्यानं नेलं. लय ओरडला जी तो. मग ओरडलाच नाई.”

रुपराव झाकण उचलायला गेला. लहानू गाडीपाशी गेला. इंजिन अजून टक्-टक् करत होतं, तापलेलं लोखंड थंड होताना करतं तसं. त्याने हात खाली घातला आणि खालचा पाइप मुठीत धरला.

कोमट होता.

प्रेमानंद जिवंत आहे, हे आधी सांगून टाकतो. छाती, गळा आणि चेहऱ्याची डावी बाजू भाजली. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात जळीत वॉर्डात आहे. उजवा डोळा ठीक आहे. डाव्याचं डॉक्टर अजून काही बोलत नाहीत. पट्टी सोडतील तेव्हा कळेल, म्हणतात. एक डोळा गेला तर जड गाडीचं लायसन्स राहणार नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

दुसऱ्या दिवशी लहानूने कामिनीला वॉर्डाच्या बाहेर, जिन्यात सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं.

“शोरूमवाला नाई म्हणे, तरी काढला?”

“हो.”

“काहून बाबा?”

आजोबांपासून चालत आलेला शब्द, आणि आता तो लहानूलाच विचारला जात होता. उस्तादाचं नाव तोंडावर आलं होतं. त्याने ते गिळलं. मेलेल्या माणसाच्या पाठीमागे लपणं त्याला जमलं नाही. “मले वाटलं, मले येते,” तो म्हणाला.

“मी नाई सांगणार त्याईले,” कामिनी म्हणाली. “तुमी सांगा. तुमच्या तोंडानं सांगा.”

त्याने सांगितलं. खाटेशेजारी उभं राहून, शेजारच्या खाटांवरचे लोक ऐकत असताना. प्रेमानंदच्या ओठांना पट्टी होती. बोलायला वेळ लागत होता.

“झाकण मीच खोललो, मामाजी.”

“व्हॉल मी काढलो.”

त्याने उघडा डोळा लहानूकडे वळवला. मग म्हणाला, “ह्या इंजनाच्या अजून किती गाड्याईचा काढला?”

लहानूने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. त्याला एक जावई दिसत होता, एक चेहरा. खाटेवरच्या माणसाला बाकीचे दिसत होते.

काढलेला व्हॉल मिस्त्री लोक फेकत नाहीत, पितळ असतं त्यात. लहानूच्या पत्र्यामागे रंगाचा एक रिकामा डबा होता, या मोसमातले व्हॉल त्यात पडलेले. त्याने तो जमिनीवर उपडा केला आणि फतकल मारून बसला. एका तबकडीचे इकडे, दोन तबकड्यांचे तिकडे. रुपराव उभ्याने पाहत होता. दोन तबकड्यांचे एकोणचाळीस निघाले. मोहितचा त्यात नव्हता, तो लहानूने दुसऱ्याच दिवशी परत बसवला होता.

एकोणचाळीस गाड्या. नंबर लिहायची त्याला सवय नाही. नंबर कोण मिस्त्री लिहितो? आठवत होती ती माणसं आणि आवाज. निळी ताडपत्री. शिंकत शिंकत बोलणारा सरदारजी. तिसरा गिअर ओरडणारी एक. उरलेल्या नुसत्या गाड्या होत्या, धुळीने भरलेल्या, एकीसारखी दुसरी.

रविवारी दुपारी वाडीतलं काम थांबतं आणि मिस्त्री मंडळी टपरीवर जमतात. तिथे लहानूने पातेलं मागितलं, व्हॉल उकळून दाखवला आणि उभं राहून सांगितलं, काय केलं ते. आधी हशा झाला. कोणी म्हणालं, मिस्त्री सटकला. कोणी म्हणालं, बापाच्या काळापासून काढून राहिलो आमी, आमच्या गाड्या उकळल्या का? एक जण जवळ येऊन समजावणीच्या सुरात बोलला, “लहानूभाऊ, चूप राहा. अपघात ड्रायव्हरच्या नावावर लागला, त्यानंच झाकण खोललं. तू काहून मधात घुसून राहिला? उद्या कोणी तुह्या दारात गाडी लावणार नाई.”

“नको लावू दे,” लहानू म्हणाला. “काढलेला घालून घ्याले तरी येऊ दे.”

त्याच्या दारात आता खरंच कोणी गाडी लावत नाही. शेजारचे मिस्त्री त्याच्याकडे पाहून आवाज खाली करतात. त्यातले दोघे अंधार पडल्यावर येऊन विचारून गेले, ती दुसरी तबकडी कशी ओळखायची म्हणून. दिवसा मात्र तेही ओळख दाखवत नाहीत. मरद माणसं! भर दुपारी शिकायची लाज वाटते, आणि भर दुपारी दुसऱ्याचं पोर भाजायची वाटत नाही.

नऊ दिवस झाले, लहानू रुपरावच्या मोटरसायकलवर फिरतो आहे. कापसी, कामठी, कळमेश्वर, टोलनाके, धाबे. पिशवीत व्हॉल, पॅकिंग आणि पाना. उभा ट्रक दिसला की ड्रायव्हरला उठवतो. निम्मे शिव्या देतात. निम्मे ऐकतात. प्रेमानंदची धरून सतरा गाड्या सापडल्या, सतरांत व्हॉल परत बसले. त्या सतरांतल्या आठ आधीच एकदा तरी उकळल्या होत्या. कोणीही मालकाला सांगितलं नव्हतं. आठही जणांच्या सीटमागे पाण्याची कॅन होती आणि एक ओलं पोतं.

बावीस गाड्या अजून रस्त्यावर आहेत. मे संपलेला नाही. आज दुपारीही त्यातली कुठली तरी एखादी कुठल्या तरी चढावर असेल, आणि कोणीतरी काट्याकडे पाहत गेटवरचा नंबर मोजत असेल.

म्हणून ही विनंती तुम्हालाच आहे. तुम्ही ट्रक चालवत असाल, तुमचा भाऊ, शेजारी, भाडेकरू चालवत असेल, किंवा तुम्ही स्वतः मालक असाल. गाडीचं इंजिन नवं असेल आणि या मार्चपासून वाडीत कडुनिंबाखाली तिचा व्हॉल काढून घेतला असेल, तर गाडी भरू नका. रिकामी वाडीला आणा. लहानू नसला तर रुपरावला सांगा, तो फोन लावून बोलावून घेईल. आणि तोवर ती उकळलीच तर गेट, नंबर, मालक सगळं जाऊ द्या, इंजिन बंद करून सावलीत बसा, पण त्या झाकणाला हात लावू नका.